मागे झोपलेली माणसे

आमच्या घरी १९९९ सालची एक पांढरी ऑम्नी आहे. मरहूम अब्बा कुवेतची नोकरी सोडून कायमचे गावी परतले, तेव्हा त्यांनी ती घेतली. मागची सीट दुमडून वर बसेल अशी प्लायवूडची फळी त्यांनी सुताराकडून बनवून घेतली. फळीवर गादी, गादीखाली स्टोव्ह, पाण्याचा कॅन, जानमाज आणि भांड्यांची पेटी. लोक आता ज्याला कॅम्पर म्हणतात, ती आमच्याकडे तेव्हापासून होती. फक्त तिला तसे नाव आहे हे आम्हाला माहीत नव्हते. याच गाडीतून अब्बांनी सगळ्या घराला खुलताबाद दाखवले, दौलताबाद दाखवले. रात्र झाली की पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावायची आणि झोपायचे.

अब्बा गेले तेव्हा गाडी विकावी असे नातेवाईक म्हणाले. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण चावी त्यांनी आपल्या कपाटात ठेवली. तेवढ्यावरून आम्ही समजलो. पंधरा वर्षांनंतरची पुन्हा नोंदणी, मग दर पाच वर्षांनी तपासणी, हे सगळे करत आम्ही ती चालू ठेवली. ती चालू ठेवताना आमच्या हातून काय राहून गेले, ते सांगण्यासाठी हा लेख आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यात गाडीचा आवाज बदलला. सकाळी सुरू करताना फटफट असा फुटका आवाज यायचा. शेजारचे चाचा हसत म्हणाले, "फजरला अजानची गरज नाही, तुमची गाडी आहे." सायलेन्सर गेला हे आम्हाला कळत होते. आम्ही खाडीकाठी राहतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत लोखंड टिकत नाही. त्यात गाडी बहुतेक बाजारापुरतीच निघायची. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. लांब चालवले तर सायलेन्सर तापून ती बाहेर पडते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत तो तापतच नाही, पाणी आत साठते आणि पत्रा आतून कुजतो. हे आम्हाला नंतर कळले. तेव्हा आम्ही एवढेच केले, की हार्डवेअरच्या दुकानातून लांबी आणली, फटीत भरली आणि वरून पत्र्याची पट्टी आवळली. आवाज कमी झाला. नवा सायलेन्सर टाकायचा तर मिस्त्री गाडी वर घेणार, खालून बघणार आणि "आता भंगारात काढा" म्हणणार, ही भीती होती. शिवाय मुलीच्या शाळेची फी भरायची होती. "सहलीनंतर बघू" असे ठरले.

ऑक्टोबरात पीयूसी काढली. आमच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३ टक्के. आकडा त्याच्या बराच खाली आला. आम्ही खूश झालो.

डिसेंबरच्या सुट्टीत विजापूरचा गोल घुमट बघायचा बेत ठरला. अम्मींनी तो अब्बांबरोबर पाहिला होता आणि नातवंडांना दाखवायची त्यांची इच्छा होती. असरची नमाज पढून निघालो. आंबा घाट चढून कोल्हापूरला खालाकडे रात्री पोहोचायचे आणि सकाळी पुढे जायचे. आम्ही दोघे पुढे. मागे फळीवर अम्मी, तेरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा.

घाटात थंडी वाढली तशा मागच्या काचा बंद केल्या. पुढची काच मात्र चार बोटे उघडी होती, गार वारा लागला की झोप येत नाही म्हणून. अर्ध्या घाटात धाकट्याला मळमळू लागले. थोरलीचे डोके दुखू लागले. घाटात कोणाला असे होत नाही? आम्ही लिंबू दिले, आवळा सुपारी दिली. आंब्याला चहासाठी थांबलो. मोकळ्या हवेत दोघांना जरा बरे वाटले. अम्मींना गरगरत होते. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून आम्ही घाबरलो. करोनाच्या वेळी घेतलेले बोटाला लावायचे यंत्र पेटीत होते. ते लावले. ऑक्सिजन ९८. जिवात जीव आला. परत निघालो.

घाट संपला. मलकापूर मागे पडले. रस्ता सपाट होता. मागून अम्मींचा आवाज आला. तो नेहमीसारखा नव्हता, जड होता. त्या म्हणाल्या, "बेटा, घाट तर संपला ना? मग माझं डोकं अजून का फुटतंय? आणि हा पोरगा हलवला तरी उठत नाही."

गाडी कडेला घेतली. मागचे दार उघडले. धाकट्याला उचलून बाहेर आणले तेव्हा त्याची मान खांद्यावर पडली. तोंडावर पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले आणि उलटी केली. ती दोन मिनिटे आम्हाला आजही आठवतात. त्या वेळी आम्ही काय काय पुटपुटत होतो ते अल्लाहलाच ठाऊक.

मागून येणाऱ्या एका जीपवाल्या भल्या माणसाने सगळ्यांना कोल्हापूरच्या एका दवाखान्यात पोहोचवले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी बघण्याआधी विचारले, "कशातून आलात? कोण कुठे बसलं होतं?" आम्ही सांगितले. पुढचे दोघे ठीक आणि मागचे तिघे आजारी, हे ऐकताच त्यांनी तिघांना मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला आणि रक्त तपासायला पाठवले. रक्तात कार्बन मोनॉक्साईड निघाला.

"पण यंत्रात तर ९८ होते," आम्ही म्हणालो.

त्यांनी समजावून सांगितले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. बोटावरचे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज करते आणि त्याला या दोन वायूंतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असला तरी ते ९८ दाखवू शकते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तो बराच लवकर निघतो. लक्षणे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी अशी. म्हणून लोक त्याला पित्त समजतात, गाडी लागली समजतात, आणि झोपलेल्या माणसाला तर लक्षणेही कळत नाहीत.

पहाटेपर्यंत तिघेही बोलू लागले. अल्हम्दुलिल्लाह. थोरली मास्क बाजूला करून म्हणाली, "मला गणपतीपुळ्याच्या वेळीही असंच झालं होतं. पण मी सांगितलं असतं तर तुम्ही सहलच रद्द केली असती." अम्मींनीही मान हलवली. महिनाभर बाजारातून येताना त्यांना गरगरत होते. त्यांनी ते वयावर ढकलले होते आणि आम्ही रक्तदाबावर.

दोन दिवसांनी खालूंच्या ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी ओढून गॅरेजवर आणली. साठीचे गृहस्थ. त्यांनी आधी फळी आणि गादी काढायला लावली, मग चटई उचलली. चटईच्या खालच्या बाजूला काजळीचा काळा डाग होता, ताटाएवढा. त्याखाली पत्र्याला गंजून तीन भोके पडलेली. मिस्त्री खाली गेले आणि त्यांनी बॅटरी लावली. उजेडाचे तीन ठिपके आत आले.

मग त्यांनी आमची पट्टी काढली. लांबी भाजून चुरा झाली होती. ते म्हणाले, "आवाज बंद केलासा. गळती बंद न्हाई केली."

पीयूसीचा कागद दाखवल्यावर त्यांनी त्याचाही उलगडा केला. पाइप फुटका असला की धक्क्याधक्क्याने बाहेरची हवा आत ओढली जाते. टोकाला नळी लावून मोजले की धूर पातळ झालेला मिळतो आणि आकडा कमी येतो. आमचे दोन्ही आकडे यंत्राने खरेच दाखवले होते, पण आम्हाला हवा होता तो प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट ते बोलले, ती व्हॅन असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. व्हॅनची पाठ सपाट असते. गाडी धावत असताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि टोकातून निघालेला धूर दाराशीच घोटाळतो. मागच्या दाराचे रबर गेले असेल, किंवा हवेसाठी फक्त मागची काच अथवा दार उघडले, तर तोच धूर आत ओढला जातो. उघडायची तर पुढची आणि बाजूची काच उघडावी.

काम दोन दिवस चालले आणि आम्ही तिथेच बसून राहिलो. आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी सगळ्या नट-बोल्टवर डिझेल सोडून ठेवले. गंजलेला नट सुक्यावर फिरवला तर मॅनिफोल्डचा स्टड तुटतो आणि छोट्या कामाचे मोठे काम होते. सकाळी गाडी उंच करून चारही बाजूंना ठोकळे लावले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली ते गेले नाहीत आणि पोऱ्यालाही जाऊ दिले नाही. तरी दोन बोल्ट कापावेच लागले. पुढचा पाइप, सायलेन्सर, मागचा पाइप, सगळे नवे. पॅकिंग नवे, लटकवायची रबरे नवी. आधी सगळे सैल टांगले, कुठे पत्र्याला किंवा पेट्रोलच्या नळीला घासत नाही ना ते पाहिले, मग इंजिनाकडून मागे असे एकेक आवळत आले. तळाच्या भोकांवर पत्रा वेल्ड करून रंग मारला. दाराचे रबर बदलले. शेवटी गाडी सुरू करून पोऱ्याने टोकाला क्षणभर जाड फडके दाबले आणि मिस्त्री प्रत्येक सांध्याशी कान नेऊन ऐकत राहिले. कुठेही फुस्स झाले नाही. "शंभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा आवळून घ्या. तापून नट सैल होत्यात," असे त्यांनी बजावले.

जुना सायलेन्सर बाजूला पडला होता. त्याच्या एका कडीला तांब्याची तार बांधलेली होती, सहा वेढे आणि वर पीळ. ती अब्बांची गाठ होती. आम्ही ओळखली. मिस्त्रींनीही ती हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "ही कुणी बांधली? खाली जाऊन बघणारा माणूस हुता तो." 

खरे होते ते. अब्बा दर जुम्म्याला नमाजेहून आले की जुनी लुंगी नेसून गाडीखाली जायचे. आम्ही हसायचो. गाडीच्या कप्प्यात त्यांची वही होती. तेल कधी बदलले, टायर कधी, सगळे तारखेसह. त्यांच्यानंतर तिच्यात एकही ओळ नव्हती. गाडी आठवण म्हणून सांभाळतो असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. प्रत्यक्षात आम्ही ती धुवत होतो, पुसत होतो आणि खाली वाकून बघत नव्हतो. त्या फळीवर आपली आई आणि लेकरे झोपतात, ती आपल्याकडे अमानत आहेत, हे साडेसहा हजारांच्या हिशोबात आम्ही विसरलो होतो. एवढाच खर्च आला सगळा मिळून. सहलीसाठी आम्ही त्याहून जास्त बाजूला काढले होते.

वाचकहो, तुमच्याकडे जुनी व्हॅन नसेलही. पण हा वायू फक्त गाडीत नसतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, थंडीत खोलीत आणलेली कोळशाची शेगडी, बंद शेडमध्ये सुरू ठेवलेली गाडी, लग्नघरी दाराजवळ लावलेला जनरेटर, सगळीकडे तोच. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, ताप नाही, आणि बाहेर आल्यावर बरे वाटते, तर औषधाची पेटी उघडण्याआधी दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखान्यात नेऊन हेच सांगा. बोटावरच्या आकड्यावर विसंबू नका. आणि मुलांना, म्हाताऱ्यांना एवढा विश्वास द्या, की त्रास सांगितल्याने कोणाची सहल बिघडणार नाही.

विजापूर या खेपेला राहिले. कोल्हापूरहून अम्मी आणि मुले एसटीने परतली. गाडी आम्ही दोघांनी आणली, मागची फळी रिकामी ठेवून. शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घेतले. मग अब्बांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, तारीख घालून लिहिले : सायलेन्सर पूर्ण नवा. तळाचा पत्रा. दाराचे रबर.

अम्मींनी वही मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. चावी त्यांनी कपाटात ठेवली नाही. "ईदनंतर घुमट बघायला जाऊ, इन्शाअल्लाह," त्या म्हणाल्या, "पण आदल्या दिवशी लुंगी नेसून खाली कोण जाणार, ते आधी ठरवा."