मृत्युपत्र : एक मातृकर्तव्य

अनित्यतेचा विचार या वसतिगृहातील सायंवंदनेने मनात रुजवला. त्याचा व्यवहारातील अर्थ घटस्फोटानंतर, एकटीने मुलगी वाढवताना उमगला. कायद्याने पूर्वीचे पती माझे वारस उरले नव्हते. परंतु माझ्या पश्चात अल्पवयीन मुलीचे नैसर्गिक पालक तेच ठरणार होते आणि तिच्या वाट्याची ठेवही त्यांच्याच हाती जाणार होती. माझ्या मनात रोष नाही. तरी मुलीचे शिक्षण कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, म्हणून चाळिसाव्या वर्षी मी मृत्युपत्र केले. घर व ठेवी तिच्या नावे लिहिल्या आणि ती सज्ञान होईपर्यंत थोरल्या बहिणीला विश्वस्त नेमले. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार स्वतःची व दोन साक्षीदारांची सही आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी ती करून घेतली. विमा व बँकेतील जुनी नामनिर्देशनेही बदलली.

मृत्युपत्राला आपल्याकडे अजूनही अपशकुन मानतात. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्या बिलात स्त्रीचा घटस्फोटाचा अधिकार होता, तसाच मुलीचा वारसाहक्कही होता. त्या हक्काला आपल्या सहीची जोड देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.