बाटली कधी उघडली होती?

चेहऱ्याची तेलं बनवायला लागून मला बारा वर्षं झाली. या काळात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मावशीच्या मानेवर उठलेल्या पुरळानं.

थंडीत तिची त्वचा ओढल्यासारखी होते, म्हणून बदामाच्या तेलात लॅव्हेंडर घालून दिलं होतं. प्रमाण चोख होतं. 10 मिलिलिटरला 2 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का. बाटली तिरकी धरली की थेंब तोंडाशी येऊन क्षणभर लोंबकळतो, मग पडतो. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा रोखून धरते, कारण तिसरा थेंब नको असतो. आदल्या हिवाळ्यात हेच तेल तिला छान मानवलं होतं. या वेळी तिसऱ्याच दिवशी फोन आला, "अगं, मान नुसती पेटलीय, खाज थांबेना."

त्वचेच्या डॉक्टरांनी प्रमाण विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "बाटली कधी उघडली होती?"

मला सांगता आलं नाही. अर्धी संपलेली ती बाटली बाथरूममध्ये गीझरखालच्या फळीवर होती. वास मात्र अजून गोड होता, आणि मी त्याच्यावरच विसंबले होते.

लॅव्हेंडरच्या तेलात मुख्य घटक दोन, लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. ताज्या तेलातलं लिनालूल सहसा फारसं त्रासाचं नसतं. पण हवा लागत गेली की त्याचं ऑक्सिडेशन होतं, हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि अ‍ॅलर्जी उठवतात ती मुख्यतः हीच. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेनं भरलेली बाटली, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"नैसर्गिक आहे, मग थेट लावलं तर काय बिघडतं?" असं पुष्कळजणी विचारतात. त्यामागे बहुधा गातफोसेची गोष्ट असते. हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला, जखमा चिघळल्यावर त्यानं लॅव्हेंडरचं तेल वापरलं, आणि 1937 मध्ये 'आरोमाथेरापी' नावाचं पुस्तक लिहिलं. माणूस मोठा, पण जिवावर बेतलेल्या जखमेचा तो इलाज होता. मुरमांवर किंवा भाजल्यावर निव्वळ तेल लावायला मी कुणालाच सांगत नाही.

आता मी जम्मूतल्या भदरवाहचं तेल घेते. तिथले शेतकरी मक्याकडून लॅव्हेंडरकडे वळले आहेत. बाटली गडद काचेची आणि लहान घेते, म्हणजे लवकर संपते. झाकण उघडलं त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून तळाशी लावते, आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवते. नवं मिश्रण आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघायची, मगच चेहरा.

तुमच्याही कपाटात अशी एखादी बाटली असेल. उघडल्याची तारीख आठवत नसेल तर ती त्वचेला लावू नका, वास कितीही छान येवो.

अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मावशी आता साबण घेतानाही चष्मा लावून वेष्टनावर 'लिनालूल' शोधते, आणि थंडीत मानेला साधं खोबरेल लावते.