कॅसेट संपल्यावरची फूस

"अरे, कॅसेट संपली तरी तिचा आवाज संपत नाही."

आईची ही तक्रार मी आठवडाभर कानाआड केली. रात्री साडेदहाच्या सुमाराला डेकचं बटण खटकन वर उडायचं, चाकं थांबायची आणि मग ती हाक मारायची. मी दारात उभा राहून ऐकायचो. काही नाही. वय झालं की वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी उतरतं, हे मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पोरांना सांगत आलो. तिला वरचं ऐकू येतंय आणि मला येत नाही, हे कसं शक्य आहे? कॅसेटची सवय असलेल्या कानाला भास होत असणार, असं मीच ठरवून टाकलं.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "तिथून नाही. इथं माझ्या उशीवर डोकं ठेवून ऐक."

ठेवलं. उशाच्या फळीवर हातभर अंतरावर स्पीकर होता. त्यातून बारीक, एकसुरी फूस येत होती, शेजारच्या घरात कुणी नळ किंचित उघडा ठेवावा तशी. तिचं बरोबर होतं.

डबी लेकीनं दिलेली. तळहातावर मावेल एवढा ॲम्प्लिफायर, वायफायवरून गाणी घेणारा, मागे दोन स्पीकरचे बाइंडिंग पोस्ट आणि एक ऑक्स. लेकीचा हेतू असा, की आजीनं फोनवरून मन्सूर, किशोरीताई, हवं ते लावावं. आजीनं पहिल्याच दिवशी ऑक्सला बाबांचा जुना डेक जोडून घेतला. बाबांनी शनिवारी रात्री आकाशवाणीवरच्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून उतरवलेल्या सत्तर-ऐंशी कॅसेट आमच्याकडे आहेत, आणि तिला त्यातलंच ऐकायचं असतं. फोनवर सगळं मिळतं, हे तिला मान्य आहे. "पण त्यात ह्यांनी लिहिलेली चिठ्ठी नसते."

फुशीचं निमित्त झालं आणि मी डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणली. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही जुनी खोड.

खोक्यावर ठसठशीत लिहिलं होतं : 2 × 100 वॅट. आमच्या पिढीनं टू-इन-वनवर '1000 वॅट पीएमपीओ' असे स्टिकर पाहिलेत. मागच्या पट्टीवर मात्र वीजखप वीस वॅट लिहिलेला असायचा, तेव्हा असल्या आकड्यांना मी सहसा फसत नाही. माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा होता : 4 ओहम, 10 टक्के विकृती. म्हणजे लहरीचे माथे छाटून सपाट झाल्यावर मोजलेले वॅट. 1 टक्क्यावर मोजलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा साधारण पाव हिश्शानं फुगतो.

पण खरी गंमत अडॅप्टरवर होती. 32 व्होल्ट, 5 अँपिअर. गुणाकार केला की 160 वॅट. भिंतीकडून 160 घेऊन स्पीकरना 200 कसे देणार? क्लास डी ॲम्प्लिफायर उष्णतेत फार वाया घालवत नाही. त्यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडतात नि पूर्ण बंद होतात, मधल्या स्थितीत रेंगाळत नाहीत. अगदी नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तरी दोन्ही बाजू मिळून 144. सोल्डरिंग आयर्न गरम व्हायच्या आत निम्मी परीक्षा झाली होती. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं 1974 सालीच नियम केला, की वॅट सांगायचे तर किती ओहमवर, कुठल्या फ्रीक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती विकृतीला, हेही सांगा. आपल्याकडे ते मुंगीच्या अक्षरांत शोधावं लागतं.

ऑडिओ प्रिसिजनसारख्या कंपनीचं मोजणीयंत्र लाखांत जातं. माझ्याकडे होतं ते असं : रेकॉर्डिंगसाठी घेतलेलं दोन चॅनेलचं साउंडकार्ड, रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, ट्रू आरएमएस मल्टिमीटर, जुना ऑसिलोस्कोप. डमी लोडसाठी तपकीर गल्लीतून ॲल्युमिनियमच्या कवचातले 8 ओहमचे, शंभर-शंभर वॅटचे चार रेझिस्टर आणले. दुकानदारानं विचारलं, "हीटर करताय का काका?" एका अर्थी हीटरच. स्पीकरच्या जागी हे जोडायचे, म्हणजे पूर्ण ताकदीवर चाचणी घेतली तरी शेजारी दार वाजवत नाहीत.

पहिलं काम आपल्या मापाचं माप काढायचं. साउंडकार्डाचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलं. 1 किलोहर्ट्झचा सूर पाठवला, आणि परत आलेल्यात सूर किती नि कचरा किती ते पाहिलं. कचरा 96 डेसिबल खाली. म्हणजे याहून स्वच्छ काही समोर आलं तर माझ्या तराजूला ते कळणार नाही. ही डबी तेवढी स्वच्छ असण्याची मला भीती नव्हती.

नंतर मी एक माती खाल्ली. सव्वीस वर्षं पोरांना बजावलेली गोष्ट स्वतःच विसरलो. अशा डब्यांत आउटपुट 'ब्रिज' केलेलं असतं. लाल टोक जेवढं वर जातं तेवढंच काळं टोक खाली जातं, काळं म्हणजे अर्थिंग नव्हे. मी ऑसिलोस्कोपच्या प्रोबची अर्थची चिमटी सवयीनं काळ्याला लावली. चट् असा आवाज, छोटी ठिणगी, डबीचा दिवा गुल. मिनिटभर मी आणि डबी दोघंही गप्प. प्लग काढून पुन्हा लावल्यावर तिनं डोळा उघडला. आतलं संरक्षण चांगलं आहे, अशी नोंद वहीत केली. ती मोजणीत धरावी की नाही कोण जाणे.

पुढे दोन्ही टोकं साउंडकार्डाच्या बॅलन्स्ड इनपुटला घेतली, मध्ये दहास एक असा व्होल्टेज डिव्हायडर घालून. आलेखावर 50 हर्ट्झला एक खांब, 100 ला दुसरा, 150 ला तिसरा. अडॅप्टर भिकार, असं मी लिहायलाच घेतलं होतं. मग सुचलं म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढला. तिन्ही खांब वाफ होऊन गेले. ती भणभण माझ्याच चार्जरच्या अर्थिंगची होती. त्यानंतर लॅपटॉप फक्त बॅटरीवर.

8 ओहमला 5 वॅट, म्हणजे टोकांवर 6.3 व्होल्ट, या ठरावीक पातळीवर सायनॅड 80 डेसिबल आला. सायनॅड म्हणजे सूर एका पारड्यात आणि गोंगाट-विकृतीचा सगळा केर दुसऱ्यात. 80 डेसिबल म्हणजे सुराच्या दहा हजारांत एक भाग केर. सोळा बिटांच्या सीडीची गणिती मर्यादा 98 आहे, तेव्हा डबी काही गुणवंत नव्हे. पण नापास करावी अशीही नाही. वर्गात असतात ना, बाकावर मधोमध बसणारी पोरं.

ताकदीचं म्हणाल तर 8 ओहमला 1 टक्का विकृतीवर 54 वॅट. 4 ओहमला एकच बाजू चालवली तेव्हा 98. दोन्ही बाजू एकदम चालवल्या तर प्रत्येकी 66 च्या आसपास अडॅप्टर दमला, आणि सगळं बंद होऊन पुन्हा चालू झालं. गुणाकारानं आधीच सांगितलं होतं ते. रेझिस्टरच्या हीटसिंकवर तोवर पापड भाजता आला असता.

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्समध्ये खर्जाकडे 6 डेसिबलचा उंचवटा दिसला. त्यावर मी एक संध्याकाळ घालवली. पुतण्यानं ॲपमध्ये 'डीप बास' लावून ठेवलं होतं. बंद केल्यावर रेष सरळ झाली. वरच्या टोकाला मात्र खरी खोट सापडली. 8 ओहमला 20 किलोहर्ट्झवर रेष दीड डेसिबल वर जाते, 4 ओहमला एक डेसिबल खाली. क्लास डीच्या तोंडाशी कॉइल आणि कपॅसिटरची गाळणी असते, आणि स्वस्त मंडलात तिचा स्वभाव समोर कोण बसलंय त्यावर बदलतो. म्हणजे कुठला स्पीकर जोडाल त्याप्रमाणे टोकाचा सूर वेगळा. महागड्या मंडलांत गाळणीच्या पुढून फीडबॅक घेऊन हे दुरुस्त करतात.

पानभर आकडे झाले. आणि फूस? ती कुठल्याच आकड्यात नव्हती.

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. डबी आईच्या खोलीत परत नेली, तिला हवा तेवढा आवाज तिलाच ठेवायला सांगितला, मन्सूरांची कॅसेट लावली आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला. आकडे नाचत होते, पण नाचत होते ते एक दशांश व्होल्टच्या आजूबाजूला. 0.1 चा वर्ग, भागिले 8. वॅटच्या हजाराव्या भागाहून जरासं जास्त.

मी दोनदा गणित केलं. देवघरातला एलईडीचा दिवा अर्धा वॅट खातो, म्हणजे जवळजवळ चारशे पट. शंभर वॅट आहेत की चौपन्न, यावर मी तीन संध्याकाळी रेझिस्टर तापवत बसलो होतो, आणि आमच्या घरात रात्रीचं गाणं एका मिलिवॅटवर चालतं.

आता फुशीचा हिशेब लागला. सूर न पाठवता आउटपुटला नुसता गोंगाट मोजला : 0.5 मिलिव्होल्ट. व्होल्यूम 50 वरून 10 वर आणला तरी तेवढाच. म्हणजे हा गोंगाट व्होल्यूमच्या पायरीनंतर, शेवटच्या मंडलात जन्मतो. आवाज कमी केला की गाणं खाली जातं, फूस जागची हलत नाही. 6.3 व्होल्टच्या सुरापुढे ती 82 डेसिबल खाली असते, कुणाला पत्ता लागत नाही. आईच्या 0.1 व्होल्टपुढे फक्त 46. बिनडॉल्बीच्या जुन्या कॅसेटची स्वतःची सळसळ जवळपास तेवढीच असते. कॅसेट चालू असताना एका फुशीत दुसरी लपायची, आणि कॅसेट थांबली की उरलेली उघडी पडायची. 'कॅसेट संपली तरी तिचा आवाज संपत नाही.' मोजमापाच्या वहीत मी याहून नेमकं वाक्य लिहिलं नसतं.

एक कोडं उरलं. वायफायवरचं गाणं थांबवलं की काही सेकंदांनी पूर्ण शांतता व्हायची. फूस फक्त ऑक्सलाच का? गोंगाट तर दोन्हीकडे सारखा होता. शेवटी लक्षात आलं. वायफायवर गाणं थांबलं की डबीकडे शुद्ध शून्यं येतात. ती काही क्षण शून्यं मोजते आणि तोंड मिटते. ऑक्सवरून येणारा सिग्नल आधी आकड्यांत बदलावा लागतो, आणि ते बदलणारं मंडल स्वतःच थोडं कुजबुजत असतं. डेक बंद असला तरी तिथून निखळ शून्य कधी येतच नाही. डबीला वाटतं अजून कुणीतरी बोलतंय, आणि बिचारी जागीच राहते.

याच ऑक्सची आणखी एक खोड तेव्हा सापडली. 1.2 व्होल्टच्या वर तिचा घसा बसतो. सीडी प्लेअर सहज 2 व्होल्ट देतो. माथे आतच छाटले जातात, मग पुढे व्होल्यूम कितीही उतरवा, फाटलेलं फाटलेलंच. आमचा डेक अर्धा व्होल्टच देतो, म्हणून निभावलं.

इलाज साधा निघाला. वॅट उदंड होते, मग जाळून टाकू. परत तपकीर गल्ली. दहा वॅटचे सिरॅमिक रेझिस्टर : 5.6 ओहम स्पीकरच्या वाटेत, 2.7 ओहम स्पीकरला समांतर, दोन्ही बाजूंना. गाणं आणि फूस दोन्ही साडेअकरा डेसिबलनं खाली, गाणं मग व्होल्यूम वाढवून परत वर आणायचं. फूस वर येऊ शकत नाही. चौदा पट ताकद वाया जाते, आणि स्पीकरवरची ॲम्प्लिफायरची पकड किंचित ढिली होते, म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतील. पण ॲम्प्लिफायरला समोर आता जवळपास नुसता रेझिस्टरच दिसतो, त्यामुळे वरच्या टोकाचा तो लहरीपणाही आवरला.

रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर दिला होता मी. तुम्ही चार वॅटचा केलात?"

"तुझ्या आजीला एक हजारांश पुरतो."

आतून कॅसेट संपल्याचं बटण खटकन उडालं. फोन हातात धरूनच मी आईच्या खोलीत गेलो, वाकून उशीपाशी कान नेला. काही नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू आलं.

"गेली ना फूस?" मी विचारलं.

"गेली," आई म्हणाली. "पण ते बटण केवढ्यानं उडतं रे! दचकायला होतं."