बर्फाच्या रस्त्यासाठी एक दिवस जास्तीचा

नोव्हेंबर संपत आला की आमच्या मानपाड्यात थंडीआधी थंडीच्या गप्पा सुरू होतात. इथली थंडी म्हणजे काय, तर पहाटे पंखा एक नंबरवर आणि येऊरच्या बाजूने जरा बरं वारं. पण लिफ्टमध्ये, ऑफिसच्या बसमध्ये, भाजीवाल्याकडे प्रश्न एकच, "यंदा डिसेंबरात कुठे?" आणि दहातल्या सहा जणांचं उत्तर मनाली. आमच्या धंद्यात तर वर्षाचा शेवटचा पंधरवडा म्हणजे हक्काचा हंगाम. परदेशी क्लायंट नाताळच्या सुट्टीवर, प्रॉडक्शनवर कोड फ्रीज. एकदा कोड फ्रीज झाला की माणसं स्वतः फ्रीज व्हायला हिमाचलात निघतात. मुलांच्या शाळांनाही तेव्हाच सुट्टी. थोडक्यात काय, सगळे एकाच आठवड्यात एकाच रस्त्यावर.

यंदा आमच्याही घरात ठरलंय. कारण बाबा. त्यांना ७२ पूर्ण झाली आणि बर्फ त्यांनी आजवर फक्त रसवंतीगृहात पाहिलाय. गणपतीत सगळे जमलेले असताना सहज म्हणून गेले, "एकदा हात लावून बघायचाय रे." बाबांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न तिथेच संपला. कसं जायचं, हे काम माझ्याकडे आलं, कारण "तुला प्लॅनिंगचाच पगार मिळतो ना?"

माझ्या मेव्हण्याकडे प्लॅन तयारच होता. "अहो जिजू, आपलीच गाडी काढू. ठाण्याहून मनाली जवळजवळ १९०० किलोमीटर, तीन दिवसांत आरामात. मी भर पावसात माळशेज काढलाय, घाटाचं काय सांगता मला!"

माळशेज त्याने खरंच छान काढला होता, मी शेजारी बसलो होतो. आणि घाटाची एक जाण आपल्या लोकांना असतेच. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, वळणावर हॉर्न, धुक्यात पिवळे दिवे. पण ही सगळी पावसाची आणि धुक्याची विद्या. ओल्या डांबरावर टायरची पकड कमी होते, बर्फाच्या काचेवर ती जवळपास जातेच. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवून एका रात्री हिशेब मांडला. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने ब्रेक मारला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. गोठलेल्या रस्त्यावर घर्षण सातव्या हिश्शावर आलं असं धरलं, तर त्याच वेगाला ६० मीटरहून जास्त लागतात. वेग निम्मा करून २० वर आणला तरी १६ मीटर. म्हणजे बर्फावर विशीत चालवणारा माणूस कोरड्या रस्त्यावर चाळिशीत चालवणाऱ्यापेक्षा उशिरा थांबतो. यात माळशेजचा अनुभव उपयोगी पडत नाही. उलट नडतो, कारण पाय सवयीने ब्रेकवर जातो आणि चाकं लॉक झाली की स्टिअरिंगही ऐकत नाही.

त्यात ब्लॅक आइस नावाचा प्रकार. नाव काळं, पण असतो पारदर्शक. खालचं डांबर आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. दिवसा उन्हाने बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि ऊन गेलं की तेच पाणी गोठतं. पुलांवर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर सगळ्यात आधी, कारण पुलाखालूनही गार वारा लागतो आणि त्या वळणांना दिवसभर ऊनच नसतं. डिसेंबरअखेर मनालीत सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, दरीत सावली त्याच्याही बरीच आधी येते. आपण ठाण्यात जी वेळ चहाची म्हणतो, ती तिथे रस्ता गोठायची वेळ.

गाडीचंही तसंच. मुंबई-ठाण्याच्या हवेत रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालून चालवणारे महाभाग आहेत. शून्याखाली ते पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाला तडा देतं. वायपरच्या टाकीतलंही गोठतं. हँडब्रेक ओढून ठेवला तर रात्रीत चिकटून बसतो, म्हणून गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावतात. डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. लडाख, केलाँग, काझा यांसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं, ते उगीच नाही. चाकांना लोखंडी चेन लावणं ही तर कलाच आहे. ती आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वेळा लावून बघायला हवी, बर्फात गार पडलेल्या बोटांनी पहिला प्रयोग करायचा नसतो.

हे सगळं शिकता येतं हो. यूट्यूबवर आहे. पण वाचत गेलो तसं माझ्या लक्षात आलं, की बर्फात अडकणारी माणसं बहुतेक वेळा गाडी चालवता येत नाही म्हणून अडकत नाहीत, मागे फिरायची वेळ निघून जाते म्हणून अडकतात.

२०२४ चा डिसेंबर बघा. २३ तारखेला सोलंग आणि अटल बोगद्याच्या मध्ये हजारेक गाड्या बर्फात अडकल्या. चारच दिवसांनी, २७ तारखेला, सोलंगमधून पाच हजारांच्या आसपास पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. पहिल्या वेळची बातमी सगळ्या वाहिन्यांवर होती, तरी दुसऱ्या वेळी लोक गेलेच. का? तर हॉटेलचे पैसे भरलेले, परतीचं विमान ठरलेलं, आज नाही तर कधीच नाही. आपणही हेच केलं असतं.

दुसरं उदाहरण जास्त वाईट आहे. जानेवारी २०२२, पाकिस्तानातलं मरी. इस्लामाबादजवळचं थंड हवेचं ठिकाण, बर्फ बघायला लोटलेली गर्दी आणि रात्रभर हिमवर्षाव. रस्ते बंद झाले, लोक गाड्यांतच बसून राहिले आणि किमान २२ माणसं गेली, त्यात लहान मुलंही. काही थंडीने, काही कार्बन मोनॉक्साइडने. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं, हीटरसाठी इंजिन चालू ठेवलेलं असतं आणि विषारी वायू आत भरतो. त्याला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते. त्यामुळे अडकलोच तर सायलेन्सरच्या आसपासचा बर्फ सारखा काढत राहायचा, इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवायचं आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावलंय, मुलीलासुद्धा.

अटल बोगद्यामुळे एक गोड गैरसमजही झालाय. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला झाला. ९ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून ३००० मीटरच्या वर. आधी हिवाळ्यात ३९७८ मीटरवरची रोहतांग खिंड बंद झाली की लाहौलचा मनालीशी संबंध महिनोन्महिने तुटायचा. आता बोगद्यातून पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. तिथल्या लोकांसाठी हा केवढा दिलासा! पण बोगदा डोंगराच्या पोटात आहे, बोगद्यापर्यंतचा रस्ता उघड्यावरच आहे. मनाली स्वतःच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंच, तिथून बोगद्याच्या तोंडापर्यंत आणखी हजार मीटर चढायचं. बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडाच्या आसपासच गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर पुढे सोडतात. तिथे हुज्जत घालू नये.

तर आमचा प्लॅन असा झाला. स्वतःची गाडी नाही. विमानाने चंदीगड, पुढे तिथली गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर, बाबांसाठी मध्ये मंडीला मुक्काम. नाताळ टाळून जानेवारीचा दुसरा आठवडा, गर्दी कमी आणि बर्फाची शक्यता जास्त. मुलीची चार दिवस शाळा बुडेल, बुडू दे. पलीकडे सिस्सूला राहायचं नाही, जमलं तर फक्त जाऊन यायचं. बर्फाच्या रस्त्यावर सकाळी दहाच्या आधी नाही आणि दुपारी तीननंतर नाही. शिमल्याचं हवामान केंद्र ऑरेंज किंवा रेड अलर्ट देईल त्या दिवशी हॉटेलातच पत्ते खेळायचे. आणि "नको" म्हणायचा अधिकार सगळ्यांना. ड्रायव्हर, आई, कोणीही एकदा नको म्हटलं की गाडी वळवायची, वर चर्चा नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एका रिकाम्या दिवसावरून. परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस मी मोकळा ठेवलाय. मेव्हणा म्हणाला, "पाच जणांचं हॉटेल, वर एक रजा. काहीच झालं नाही तर सगळं वायाच ना!" हा बरोबर तोच प्रश्न, जो आमचा क्लायंट प्रत्येक एस्टिमेटमधल्या बफरबद्दल विचारतो. मी त्याला म्हटलं, तो दिवस आपण फिरायला विकत घेत नाही आहोत, मागे फिरायला घेतोय. तो हातात असला की वाटेत अडवणाऱ्या पोलिसाचा राग येत नाही. नसला की माणूस अंधारात, भरल्या गाडीने, गोठलेल्या वळणावर "निघेल हो गाडी" म्हणतो.

मग बाबांशी बोललो. हे मला जड गेलं. त्यांना स्पष्ट सांगितलं, की एवढं सगळं करून कदाचित बर्फ लांबूनच दिसेल, हात लावता येणार नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो रिकामा दिवस ठेवलायस ना, तो कोणी काही म्हटलं तरी काढू नकोस."

परवा तिकिटं काढली, रिकाम्या दिवसासकट. मेव्हणाही येतोय, कानटोपी आणि उनो घेऊन. बाकी जाऊन आल्यावर लिहीनच.