शेपटी त्याची, उजेड सूर्याचा

अमरावतीहून अकोल्याला संध्याकाळी गाडी चालवलीय कधी? सूर्य थेट डोळ्यांत!

१३ ऑक्टोबर २०२४. दसऱ्याचं सोनं द्यायला मामाकडे गेलो होतो, दुसऱ्या दिवशी परत निघालो. बाजूला बाबा. मूर्तिजापूरच्या अलीकडे शेतांत सोयाबीनची मळणी सुरू होती. तिची धूळ काचेवर बसली आणि एरवी न दिसणारी ती धूळ मावळत्या उन्हात अशी काही चमकली, की समोरचा ट्रकच दिसेना. ही धूळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूर्तिजापूरला चहा झाला. अंधार पडल्यावर शेतांजवळ मी गाडी बाजूला घेतली.

‘‘काहून थांबवली बे?’’

‘‘बाबा, धूमकेतू दाखवतो.’’

जुनं देणं होतं. १९९७चा एप्रिल, अकोल्याचा उकाडा, आम्ही सगळे गच्चीवर. लाइट गेली की बाबा मला खांद्यावर घेऊन वायव्येकडे बोट दाखवायचे. हेल-बॉप! आजी म्हणायची, ‘‘शेंडेनक्षत्र आहे, पाहू नका.’’ मी सहा वर्षांचा. विचारलं, ‘‘त्याला आग लागलीय?’’ बाबा म्हणाले, ‘‘हो.’’ कित्येक वर्षं मला तेच खरं वाटायचं.

आग वगैरे काही नसते. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. १९८६ मध्ये जिओत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा त्याचा गाभा कोळशासारखा काळा निघाला. शंभरातला जेमतेम चार भाग उजेड परत पाठवणारा! मग चमकतं काय? सूर्याजवळ येताच बर्फाची थेट वाफ होते आणि ती धूळ घेऊन बाहेर पडते. धुळीवर ऊन पडतं, वायूही उन्हामुळे चमकतो. शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला. हेल-बॉप आपल्यापासून जवळपास २० कोटी किलोमीटरवर होता, तरी ठसठशीत दिसला. कारण त्याचा गाभाच अवाढव्य. आजचा पाहुणा, त्सुचिनशान-अ‍ॅटलास, सूर्यापासून सहा कोटी किलोमीटरच्या आत जाऊन आला होता. चारच दिवसांपूर्वी तो जवळपास सूर्य आणि आपल्या मधोमध होता. उजेड पलीकडून, धूळ मध्ये... आठवली ना आपली काच? तसाच तोही तेव्हा झळाळला.

शुक्राच्या उजवीकडे बोट दाखवलं. पुसट, लांब शेपटी. मला दिसली.

‘‘मले तं फक्त शुक्रच दिसून राह्यला.’’

मोतीबिंदू! वर्षभर ऑपरेशन पुढे ढकललं जात होतं. कोण ढकलत होतं? मीच. रिलीज, अप्रेझल, ‘दिवाळीनंतर बघू’. बाबांनी एकदाही आठवण करून दिली नव्हती.

मोबाइल बॉनेटवर टेकवला, दहा सेकंदांचा फोटो काढला. बाबांनी स्क्रीन नाकाजवळ धरली.

‘‘हाच का? मग आग नाही लागत त्याले?’’

‘‘नाही बाबा. दर फेरीत थोडा थोडा झिजतो, म्हणून दिसतो.’’

बाबा फोटोकडे बघतच राहिले. मी रस्त्याकडे बघत होतो.

तीन दिवसांनी कोजागिरी होती, त्या चांदण्यात धूमकेतू आणखी पुसट होणार होता. काही गोष्टी दिवाळीनंतर दिसत नाहीत, बॉस.

सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला. पहिला मेल रजेचा.