कोपराचे भाषांतर

भाषांतराचा अभ्यास करताना आपण बहुधा कथा-कवितांची उदाहरणे घेतो. मला मात्र या विषयातला मोठा धडा रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे, एका प्रश्नावलीने दिला.

मुंबई-गोवा महामार्गावरील लोटे हे रासायनिक कारखान्यांचे गाव. कारखान्यांत दिवसभर व्हॉल्व्ह फिरवणारे कामगार आणि आसपासच्या वाड्यांतील भातकापणी करणाऱ्या स्त्रिया, दोघांनाही कोपरदुखी ठाऊक असते. परिचयातील एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी 'टेनिस एल्बो'च्या प्रश्नावलीचे मराठी रूप माझ्याकडून करून घेतले. मूळ प्रश्नावली कॅनडात तयार झालेली. तीत १५ प्रश्न आहेत : ५ वेदनेचे, १० कामांचे. प्रत्येकाला ० ते १० गुण. कामांच्या प्रश्नांत ० म्हणजे अडचण नाही, १० म्हणजे काम करणेच अशक्य.

अशा भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, ते एकत्र जुळवायचे, मूळ न पाहिलेल्यांकडून पुन्हा इंग्रजीत न्यायचे, तज्ज्ञांनी तपासायचे आणि शेवटी ३० ते ४० रुग्णांना विचारून पाहायचे. ही शेवटची पायरी मला औपचारिक वाटत असे.

पहिला धक्का 'कोपर' शब्दानेच दिला. काहींच्या तोंडी 'ढोपर' होते. इतरांच्या लेखी ढोपर म्हणजे गुडघा. आम्ही शेजारी हाताचे चित्र काढले. दाराच्या गोल मुठीऐवजी कुलपातली किल्ली ठेवली. ओला टॉवेल पिळण्याऐवजी साडी पिळणे लिहावे, असे मी सुचवले; पण साडी जड, म्हणजे प्रश्नच अधिक कठीण झाला असता. टॉवेल राहिला.

मग एक आजी आल्या. मी वाचून विचारले, "ओला टॉवेल पिळताना किती अडचण होते?"

"काहीच नाही."

मी ० लिहिले. थोड्या वेळाने चहा आला, तेव्हा त्यांनी कप डाव्या हाताने उचलला. मी कारण विचारले.

"उजवा उचलतच नाही, सर. पिळायचं दोन वर्षं सून बघते. मग मला अडचण कसली?"

त्यांचे उत्तर खरे होते. चूक माझी होती. दुखण्यामुळे काम सोडले असेल तर १० लिहावे, अशी सूचना मुळात आहे. मी तिचे मराठी असे केले होते : 'वेदना अथवा असमर्थतेपोटी सदर कृती केली नसल्यास १० या अंकाभोवती वर्तुळ करावे.' हे वाक्य पुन्हा इंग्रजीत नेले तेव्हा हुबेहूब मूळच हाती आले होते, म्हणून कोणालाही शंका आली नाही. आजींनी ते ऐकले आणि सोडून दिले. माझ्या निर्दोष वाक्याने एका निकामी हाताला निरोगी ठरवले होते.

आम्ही वाक्य बदलले : "दुखतं म्हणून हे काम तुम्ही सोडून दिलंय का?"

"सोडलंच की," आजी म्हणाल्या. मी ० खोडून १० लिहिले.

तुमच्या घरी बँकेचा वा दवाखान्याचा एखादा मराठी अर्ज असेल. तो ज्याने भरायचा आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याला काय कळले, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.