अफवेला आधी मनात जागा लागते

जून २०१८. वसमतला पेरणीची लगबग सुरू होती. आमच्या जयंती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला: मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा. अंगणात चार वर्षांची पुतणी खेळत होती. मी विचार न करता तो आणखी तीन ग्रुपवर टाकला. समाजाचं काम केल्यासारखं वाटलं.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारे समजून. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. बातमी ऐकून आई एवढंच म्हणाली, "असे गोसावी आपल्या दारी येत नव्हते का रे?" मी गप्प बसलो. माझा मेसेज राईनपाड्याला पोचला नसेल. पण तसलाच पोचला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. चहाच्या टपरीवर चर्चा एकच: अडाण्यांच्या हाती मोबाईल आला की असंच व्हायचं. पण मी तर एम.ए. झालेला मास्तर! मग मी का पाठवला?

याचं उत्तर मला शकुंतला बाणाजी आणि रामनाथ भट यांच्या २०१९ च्या अभ्यासात सापडलं. बाणाजी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवतात, म्हणजे बाबासाहेब जिथं शिकले तिथंच. महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलून त्यांनी सांगितलं की, दोष नुसत्या डिजिटल निरक्षरतेचा नाही. दलित, मुस्लिम, आदिवासी यांच्याबद्दलचा द्वेष आणि पूर्वग्रह मनात आधीच असतो. अफवा त्यावर रुजते. संशोधनाला पैसा व्हॉट्सॲपच्याच अनुदानातला होता, तरी निष्कर्ष सोयीचा काढला नाही. विद्वत्ता याला म्हणतात.

भटक्यांचंच बघा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ ला तो कायदा गेला, संशय मात्र गावोगाव राहिला. मोबाईल नव्हता तेव्हाही झोळीवाला दिसला की आया लेकरं घरात ओढायच्या.

आणि मित्रांनो, हा संशय फक्त 'त्यांच्या'च मनात असतो असं समजू नका. वाडीबाहेरचं जगणं ज्यांच्या आजोबांनी भोगलं, त्या माझ्याही मनात परक्या फाटक्या माणसाबद्दल तो होताच. नाहीतर बोट थबकलं असतं.

ऐकीव आहे म्हणून मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. ते आपण वंदनेच्या वेळी ऐकतो आणि मोबाईल हातात घेतला की विसरतो. आता मी मेसेज खरा की खोटा एवढंच तपासत नाही. यात बोट कुणाकडे दाखवलंय, आणि ते मला इतक्या सहज का पटतंय, हेही स्वतःला विचारतो.

जय भीम.